छातीत कॅसेट बाळगणारा रोबो : साउंडवेव्ह

‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही रूप बदलणाऱ्या रोबोंची खेळणी म्हटली की मोटारीचा किंवा विमानाचा रोबो डोळ्यांसमोर येतो. त्यांतला साउंडवेव्ह मात्र घडी घातल्यावर हातात मावणारा निळा टेपरेकॉर्डर होतो. याच तऱ्हेवाईकपणामुळे मी त्याची पुनर्निर्मित आवृत्ती संग्रहासाठी विकत घेतली.

त्याचे मूळ जपानमध्ये आहे. टाकारा कंपनीने १९८३ मध्ये ‘मायक्रोमॅन’ मालिकेच्या ‘मायक्रो चेंज’ या शाखेत हे खेळणे आणले. मायक्रोमॅन हे जेमतेम १० सेंटिमीटर उंचीचे वीर माणसांच्या घरांत वावरत असल्याने, त्यांचे सोबती टेपरेकॉर्डर, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक अशा घरगुती वस्तूंच्या रूपात आणि त्याच मापात दडलेले असणे अगदी सयुक्तिक होते. १९८४ मध्ये अमेरिकेतील हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने हाच साचा ‘ट्रान्सफॉर्मर्स’मध्ये घेतला आणि कथेतला अवाढव्य साउंडवेव्ह रूप बदलताच मुठीएवढा कसा होतो, हे कोडे मागे राहिले. मला ही विसंगती दोष न वाटता या खेळण्याची वंशखूण वाटते.

खरी मौज आहे ती छातीच्या दारात. कॅसेट बाहेर काढण्याचे बटण दाबले की स्प्रिंगच्या जोराने दार खट्‌कन उघडते, आतली कॅसेट हाती येते आणि तिच्या घड्या उलगडल्या की तिचाही पक्षी, श्वापद किंवा छोटा रोबो होतो. ही कॅसेट आपल्याकडे भावगीतांसाठी घरोघरी असे ती नव्हे. कार्यालयात मजकूर तोंडी सांगून ठेवण्यासाठी वापरत त्या मायक्रोकॅसेटच्या मापाची आहे. एवढ्याशा जाडीत पंख, चोच आणि पाय बसवणाऱ्या रचनाकारांच्या कसबापुढे मोठा रोबो फिका पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. छातीत एका वेळी एकच कॅसेट मावते. दोन मावतील असे दार त्याच्याच १९८७ च्या काळ्या आवृत्तीला, ‘साउंडब्लास्टर’ला मिळाले.

रोबो म्हणून साउंडवेव्ह सामान्यच आहे. आजच्या सांधेदार रोबोंच्या तुलनेत तो ताठ आहे आणि रुबाबात उभे राहण्यापलीकडे त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. टेपरेकॉर्डर म्हणून मात्र तो इतका हुबेहूब आहे, की घरी आलेल्या पाहुण्यांपैकी एकांनी तो कानाला लावून पाहिला.

त्याची दोन्ही शस्त्रे बॅटरीच्या आकाराची असून ती बॅटरीच्याच कप्प्यात ठेवायची असतात. ही कल्पना मला सर्वांत आवडली आणि नेमका तिथेच मी फसलो. ज्या ऑनलाइन विक्रेत्याने ‘संपूर्ण संच’ म्हणून पेटी पाठवली, त्याने खांद्यावरचे शस्त्र त्यात दिलेच नव्हते. तक्रारीनंतर काही रक्कम परत मिळाली. वापरलेला नग घेणाऱ्यांनी दाराच्या स्प्रिंगबरोबरच या कप्प्याचेही छायाचित्र आधी मागून घ्यावे. माझ्या साउंडवेव्हच्या कप्प्यात अजून एकच बॅटरी आहे.