नौपाड्यातला पायथनचा क्लास: अडलेल्यांनी जरूर जावं

ठाण्यात गोखले रोडजवळच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतात. पिपने (पायथनमध्ये लायब्ररी टाकायचं साधन) पांडाज ही डेटा हाताळायची लायब्ररी टाकूनही माझा ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’, म्हणजे ‘लायब्ररी सापडत नाही’ हा एरर, हटत नव्हता. दोन रात्री गेल्या. सरांनी घाईने काही काढून टाकलं नाही, आधी ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’, म्हणजे नेमकं कुठलं पायथन चालतंय त्याचा पत्ता, छापायला लावलं. लॅपटॉपवर पायथन दोन निघाले! पिप एकात टाकत होतं, कोड लिहायचा एडिटर दुसरंच चालवत होता. मग एडिटरवाल्या पायथननेच ‘-एम पिप इन्स्टॉल’ ही कमांड देऊन पांडाज टाकलं आणि चाललं. शेजारच्या मुलाने स्वतःच्या फाइललाच ‘रँडम डॉट पाय’ नाव दिलेलं, म्हणून पायथन आपल्या ‘रँडम’ मॉड्यूलऐवजी तीच फाइल उघडत होतं, त्यामुळे त्या मॉड्यूलमधलं ‘रँडिंट’ (कुठलाही एक आकडा काढून देणारं फंक्शन) सापडेना. तेही सरांनी त्याच्याकडूनच शोधून घेतलं. हे मला फार आवडलं. जागा अरुंद आहे, प्लग कमी. लॅपटॉप घरूनच चार्ज करून न्या.