उसावर ड्रोनची फवारणी: वाळवा तालुक्यातला माझा अनुभव

आडसाली ऊस (जुलै-ऑगस्टात लावलेला, दीड वर्षाचा) डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन सरीत शिरायचं म्हणजे पात्यांनी अंग कापून घ्यायचं. म्हणून यंदा ड्रोनवाल्या ताईंना बोलावलं. १० लिटरची टाकी, एकराला ८-१० मिनिटं. पंख्यांच्या वाऱ्यानं शेंडे दबतात आणि औषध पार पोंग्यात, म्हणजे शेंड्यातल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, उतरतं. बांधावरनं डोळ्यांनी पाहिलं. ताई बचत गटातल्या, बचत गटातल्या बायकांना ड्रोन चालवायला शिकवणाऱ्या, २०२३ साली आलेल्या सरकारच्या नमो ड्रोन दीदी योजनेत शिकलेल्या. त्यांचा हात एकदम सराईत, बघून फार बरं वाटलं.

तक्रार एकच. विजेच्या तारेखालच्या चार सऱ्या सुटल्या, त्या मला पंपानंच माराव्या लागल्या. वारं सुटलं की काम थांबतं, तेव्हा सकाळी लवकरच बोलवा. पुढच्या फवारणीलाही ताईंनाच सांगून ठेवलंय.