पहाटे फिरणं, जिम की घरचा व्यायाम? नागपुरातल्या आईबाबांसाठी

मुलं लहान, दोघांच्या नोकऱ्या, आणि व्यायाम सुरू करायचाय. घाम कशाने जास्त निघतो हे नंतर बघू. पोराला ताप आला, घरात पाहुणे आले, त्या आठवड्यातही काय टिकेल हे आधी ठरवा.

पहाटेच्या फिरण्याला तोड नाही. सिव्हिल लाइन्समधला वॉकर्स स्ट्रीट, सेमिनरी हिल्स, फुटाळ्याचा काठ. झाडं आहेत, ओळखीची माणसं भेटतात, खर्च शून्य. अडचण आपल्या हवेची. मे महिन्यात साडेपाचला उजाडतं आणि आठला ऊन चटके देऊ लागतं. 23 मे 2013 ला इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता. जानेवारीत सूर्य पावणेसातनंतर उगवतो, नेमकी डबे भरायची वेळ. त्यामुळे वर्षभर एक वेळ धरता येत नाही, आणि मुलांजवळ कुणीतरी लागतंच. आजी-आजोबा घरात असतील तर मात्र बिनधास्त हाच मार्ग घ्या.

जिममध्ये वजनं उचलायला नीट शिकवणारं कुणी असतं, उन्हाळ्यातही खंड पडत नाही. पण संध्याकाळचे सात म्हणजे होमवर्क आणि कणकेची वेळ. जिम ऑफिसच्या वाटेवर असेल तरच लावा, आणि सवलत कितीही दिली तरी वर्षाची फी एकदम भरू नका.

माझं मत घरच्या व्यायामाला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. 2020 च्या सूचनांत सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली. आईबाबांसाठी ही फार मोठी सोय आहे. व्हॅन गेली की घरात शिरण्याआधी भराभर चार वेळा जिना चढा-उतरा. कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर ओट्याला हात टेकून तिरके जोर, मग खुर्चीला पाठ करून बैठका. बूड खुर्चीला जेमतेम टेकलं की उठायचं. पोट्टे मध्ये लुडबुडणारच, त्यांनाही मोजायला लावा.

व्यायाम असा ठरलेल्या कामाला बांधला की अंगवळणी पडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं होतं, निष्कर्ष 2010 मध्ये छापून आले. सवय मुरायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून मुलाच्या आजारपणात दोन दिवस गेले तर ‘आता सोमवारपासून’ म्हणू नका, तिसऱ्या दिवशी जिना चढा.

रविवारी मुलांना घेऊन फुटाळ्यावर जा, ते वेगळं. गुडघे दुखत असतील, बीपी असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मुहूर्तच हवा असेल तर जूनअखेरचा धरा. विदर्भातल्या शाळा तेव्हा उघडतात, व्हॅनची वेळ पक्की होते.