रिमिक्स वाचवायचा कसा: टॅग, अर्धा प्रिव्ह्यू, कुलूप, खूण की कायदा?

परभणीच्या वरातीत शुक्रवारी वाजलेला ट्रॅक रविवारी सेलूला नाहीतर जिंतूरला दुसऱ्याच डीजेच्या गाडीवर वाजतो, आणि त्यावर नाव तिसऱ्याचं असतं. रात्र-रात्र जागून बसवलेला ड्रॉप (ठेका आणि बेस एकदम जोरात सुटतो तो भाग) असा उचलला गेला की जीव जळतो. यावर उपाय भरपूर सांगितले जातात. त्यातलं काय चालतं, कुठे फसतं आणि कुणाच्या कामाचं आहे, ते इथे समोरासमोर ठेवलं आहे.

आधी एक मान्य करू. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज रेकॉर्ड होतोच, त्यामुळे कायमचं कुलूप कुठल्याच फाइलला लागत नाही. पण आपल्याकडे रिमिक्सचं आयुष्यही सीझनपुरतंच असतं. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी केलेला ट्रॅक मे महिन्याच्या लग्नसराईत जुना वाटायला लागतो. ते तीन-चार आठवडे ट्रॅक स्वच्छ अवस्थेत दुसऱ्याच्या हाती पडला नाही, तरी सुपाऱ्या तुमच्याकडेच येतात. खालचा प्रत्येक उपाय याच मापाने मोजावा.

व्हॉइस टॅग: सगळ्यात स्वस्त, पण जागा चुकली की वाया

टॅग म्हणजे ट्रॅकमध्ये आवाजात टाकलेलं आपलं नाव. बहुतेक जण तो टाकतात सुरुवातीला आणि ड्रॉपच्या आधीच्या मोकळ्या जागेत, जिथे नुसतं म्युझिक असतं. नेमका तिथलाच टॅग काढणं आता सगळ्यात सोपं झालं आहे. २०१९ च्या शेवटी डीझरने स्प्लीटर हे आवाज वेगळे करणारं साधन मोफत खुलं केलं. पुढे अल्टिमेट व्होकल रिमूव्हर आलं, आणि व्हर्च्युअल डीजे व सेराटो या डीजेंच्या सॉफ्टवेअरमध्ये तर स्टेम्सची, म्हणजे गायक-ठेका-वाद्यं वेगळी करणारी, बटणंच आली. म्युझिकवर एकटा पडलेला टॅग म्हणजे या साधनांच्या लेखी गायकाचा आवाज. व्होकल बंद केला की टॅग गेला आणि खाली स्वच्छ बीट उरला. पाच मिनिटांचं काम आहे.

तोच टॅग गाण्याच्या ओळीवर बसवला तर गायक आणि टॅग दोघं एकाच व्होकलमध्ये अडकतात. टॅग काढायला गेलं की ओळही जाते. म्हणून महत्त्वाचा टॅग मुखड्याच्या ओळीवरच हवा, आणि तोही ज्या ओळीवर पब्लिक नाचते त्या ओळीवर.

दुसरी चूक जास्त नुकसान करते. मुखडा ट्रॅकमध्ये दोनदा येतो आणि टॅग एकदाच असतो. मग समोरचा दुसऱ्या वेळचे आठ बार (बार म्हणजे चार ठोक्यांचा तुकडा) कापतो, पहिल्याच्या जागी चिकटवतो आणि मोकळा होतो. यावर दोनच इलाज आहेत: प्रत्येक पुनरावृत्तीवर टॅग टाका, नाहीतर दुसऱ्या मुखड्याखालचा ठेका बदला, म्हणजे जोड लगेच कानाला खटकेल.

टॅग इको-रिव्हर्ब न लावता कोरडा रेकॉर्ड करा. गाण्याच्या पट्टीत पिच आणा, किकला (खालच्या जाड ठोक्याला) साइडचेन द्या, म्हणजे किक वाजला की टॅग क्षणभर दबेल, आणि मगच इको लावा. त्याची शेपटी ओळीच्या शेवटच्या शब्दात मिसळली पाहिजे. पातळी गायकापेक्षा चार ते सहा डेसिबल खाली ठेवा. चार मिनिटांच्या ट्रॅकमध्ये तीन-चार टॅग पुरे होतात. त्याहून जास्त झाले की दुसरे डीजे ट्रॅक वाजवत नाहीत, आणि टॅगचा निम्मा फायदा तर दुसऱ्याच्या गाडीवर आपलं नाव वाजण्यातच असतो.

प्रिव्ह्यू: बेस काढून घेतलेला नमुना

यूट्यूबवर, इन्स्टावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर पूर्ण ट्रॅक टाकणं म्हणजे आयती फाइल हातात देणं. नुसता दर्जा उतरवून, १२८ केबीपीएस करून टाकल्याने चोरणाऱ्याचं काही बिघडत नाही. एमपीथ्री त्या दर्जावर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं कापते आणि हायहॅट जरा पाण्यातल्यासारखी येते, पण रस्त्यावरच्या गोंगाटात ते ऐकतंय कोण? चोरणारा तीच फाइल गाडीवर बिनधास्त वाजवतो.

बेस कापण्याचा मात्र खरा फायदा होतो. प्रिव्ह्यू काढताना मास्टरवर, म्हणजे पूर्ण मिक्सवर, १०० हर्ट्झला हाय-पास (खालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा, उतार २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह. मोबाइलच्या स्पीकरला तेवढा खालचा आवाज मुळातच झेपत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला काही कमी झाल्याचं जाणवत नाही. पण तीच फाइल अठरा इंची बेसवर लावली की बॉक्स नुसते हवा मारतात. समोरच्याने खाली स्वतःचा किक टाकायचा म्हटलं तरी जुन्या किकची वरची टकटक तशीच राहते आणि दोन्ही जुळले नाहीत की ठोका फाटल्यासारखा वाजतो. चांगल्या हेडफोनवर किंवा कारमध्ये ऐकणाऱ्याला मात्र फरक कळतो, म्हणून खाली 'प्रिव्ह्यू' असं स्पष्ट लिहा. नाहीतर तुमचा बेसच कच्चा आहे असा बोभाटा होईल.

लांबी एक मिनिटाच्या आत ठेवा आणि ड्रॉपचे फक्त आठ बार द्या. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) ते बरोबर १५ सेकंद होतात. त्या १५ सेकंदांत टॅग हवाच.

कुलूप: फाइल बाहेरच्यापेक्षा घरातूनच जास्त जाते

रात्री अकराला गाडी भरायच्या घाईत मिक्सरला तसाच राहिलेला पेनड्राइव्ह, लॅपटॉप हाताळणारा बदली ऑपरेटर, 'एकच गाणं दे' म्हणून मागे लागलेला नवरदेवाचा मित्र. फाइल बहुतेक वेळा या वाटेने जाते.

पेनड्राइव्हला पासवर्ड लावायचा विचार सोडून द्या. सीडीजेसारख्या, पेनड्राइव्हवरून वाजवणाऱ्या प्लेअरला साधा फॅट ३२ पेनड्राइव्ह लागतो, एन्क्रिप्ट केलेला तो वाचतच नाही. त्यामुळे पेनड्राइव्हवर फक्त टॅगवाल्या फाइली न्या आणि टॅग नसलेली फाइल लॅपटॉपच्या बाहेर काढू नका.

लॅपटॉपवर व्हेराक्रिप्ट हे फाइलींना कुलूप लावणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात आठ-दहा जीबीचा कंटेनर (पासवर्डने उघडणारी पेटी) करा. तो एनटीएफएस ड्राइव्हवर ठेवा, कारण फॅट ३२ वर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. कार्यक्रमाआधी कंटेनर उघडला की तो वेगळी ड्राइव्ह म्हणून दिसतो आणि व्हर्च्युअल डीजे त्यातून नेहमीसारखं वाजवतं. त्रास होतो तो दुसरीकडून. एप्रिलच्या उन्हात लॅपटॉप तापून बंद पडला, किंवा जनरेटरने झटका दिला, की परत सुरू केल्यावर कंटेनर पुन्हा पासवर्ड देऊन उघडावा लागतो. मिरवणूक चौकात थांबलेली असताना लांबलचक पासवर्ड टाइप करणं फार जड जातं. शेजारी टॅगवाल्या फाइलींचा पेनड्राइव्ह लावूनच ठेवा, म्हणजे आवाज बंद पडणार नाही. व्हेराक्रिप्टमध्ये ठराविक मिनिटं वापर नसेल तर कंटेनर आपोआप मिटवण्याची सोय आहे, ती बंद ठेवा.

या कुलपाची मर्यादाही माहीत असू द्या. व्हर्च्युअल डीजेमध्येच रेकॉर्डचं बटण आहे. जो तुमच्या लॅपटॉपवर बसून वाजवतो त्याला फाइल कॉपी करायची गरजच नाही, त्याने नुसतं रेकॉर्ड चालू केलं तरी झालं. कुलूप चोराला अडवतं, ऑपरेटरला नाही.

खूण: कुणाकडून फुटली ते सांगणारी प्रत

दुसऱ्या डीजेंना ट्रॅक विकणाऱ्यांसाठी हा उपाय सगळ्यात मोलाचा आहे आणि वापरतात मात्र फार थोडे. प्रत्येक गिऱ्हाईकाला जरा वेगळी प्रत द्यायची. ती फुटून बाहेर वाजली की कुणाची होती ते कळतं.

फाइलच्या माहितीत नाव लिहून उपयोग नाही, ते एका क्लिकमध्ये पुसलं जातं. न ऐकू येणारी १८ किलोहर्ट्झची शिट्टीही टिकत नाही. १२८ केबीपीएसला बदलताना ती आपसूक कापली जाते. टिकते ती ठेक्यातली खूण. ड्रॉपच्या १६ बारमध्ये पाच जागा ठरवा आणि प्रत्येक जागी एक क्लॅप वाजवा किंवा गाळा. पाच जागा, प्रत्येकीला दोन शक्यता, म्हणजे ३२ वेगळ्या प्रती होतात. सगळे क्लॅप असलेली आणि सगळे गाळलेली अशा दोन प्रती सोडल्या तरी ३० उरतात. एका वहीत नोंद ठेवा: प्रत ७, जागा २ आणि ५ रिकाम्या, कुणाला दिली, तारीख.

क्लॅपच का? कारण समोरच्याने वेग बदलला, पिच चढवला, अगदी रस्त्यावर मोबाइलने रेकॉर्ड केलं, तरी कुठला क्लॅप नाही ते मोजता येतं. आणि जागा ड्रॉपमध्येच का? कारण चोरी ड्रॉपचीच होते. इंट्रोतली खूण कापून फेकली जाते.

फाइल थेट हाती लागली आणि वेग बदललेला नसेल, तर एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ आणि ती फाइल एकावर एक ठेवा, लाटा तंतोतंत जुळवा आणि एकीचा फेज उलटा करा (म्हणजे तिची लाट उलटी होते). सारखा भाग विरून जातो आणि गाळलेले क्लॅप टकटक ऐकू येतात. एमपीथ्री बनताना सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते, त्यामुळे फाइलच्या टोकावरून जुळवू नका, पहिल्या किकवरून जुळवा.

सापडल्यावर भांडण करायची गरज नाही. पुढचा ट्रॅक त्याला द्यायचा नाही, बस. प्रोजेक्ट फाइल (सगळे आवाज सुटे असलेली मूळ फाइल) मात्र कुणालाही, कितीही पैसे दिले तरी, देऊ नका. ती गेली की टॅग, खूण सगळं संपलं.

कायदा: इथे बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो

'माझ्या रिमिक्सचा कॉपीराइट करून घेतो' असं सर्रास ऐकू येतं. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १३(३) मध्ये स्पष्ट आहे की मूळ गीत-संगीताच्या हक्काचा भंग करून बनवलेल्या ध्वनिमुद्रणाला कॉपीराइटच मिळत नाही. सिनेमातलं गाणं परवानगीशिवाय उचलून केलेल्या रिमिक्सवर तुम्ही मालकी सांगू शकत नाही, मग तुमची मेहनत कितीही असो. उलट कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड ही शिक्षा तुमच्यावरच येऊ शकते. वरातीत गाणं वाजवायला कलम ५२ मध्ये सूट आहे, पण ती वाजवण्यापुरती आहे. रिमिक्स करून वाटण्याला ती लागू नाही.

यूट्यूबवर प्रतिस्पर्ध्याचा व्हिडिओ पाडायलाही म्हणूनच जपून जा. त्या अर्जात 'मीच मालक आहे' असं शपथेवर सांगावं लागतं. समोरच्याने उलट अर्ज केला की कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला तुमच्याकडे कामकाजाचे दहा दिवस असतात. शिवाय त्यानेही मूळ कंपनीला तुमच्या चॅनलची माहिती दिली, तर ९० दिवसांत तीन स्ट्राइक पडून तुमचंच चॅनल जायचं.

कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो तो स्वतःच्या आवाजावर. इथे मराठवाड्याकडे मोठी पुंजी आहे: हलगी, संबळ, गोंधळातले ठेके. संतांच्या अभंगांच्या शब्दांवर कुणाचा कॉपीराइट नाही, मात्र एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल किंवा कंपनीचं रेकॉर्डिंग उचलता येत नाही. भीमगीतांचे बहुतेक कवी विसाव्या शतकातले आहेत आणि हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, तेव्हा तिथे परवानगी लागतेच.

हलगी रेकॉर्ड करताना कातडं आधी विस्तवावर शेकून ताणून घ्या. थंड झालं की स्वर उतरतो आणि पहिला टेक दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणून मध्ये-मध्ये पुन्हा शेकावं लागतं. माइक हातभर लांब आणि जरा तिरका ठेवा. २४ बिटला रेकॉर्ड करा, आवाजाचं टोक उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, आणि वाजवणाऱ्याच्या कानात क्लिक द्या. तयार लूप-पॅकचे तुकडे यात मिसळू नका. तेच लूप हजारो जण वापरतात, त्यामुळे वितरकामार्फत कंटेंट आयडीत (यूट्यूबच्या मालकी ओळखणाऱ्या यंत्रणेत) तो ट्रॅक स्वीकारला जात नाही.

गायक आणि वादकांशी करार कागदावर, सहीसकट करा. कोणतं काम, कोणते हक्क, किती मोबदला, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, हे त्यात हवं. वर्षं लिहिली नाहीत तर कलम १९ प्रमाणे पाचच धरली जातात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ध्वनिमुद्रणाच्या नोंदणीची फी २,००० रुपये आहे आणि अर्जानंतर हरकतीसाठी ३० दिवस थांबावं लागतं. नोंदणी नसली तरी हक्क असतोच, पण पुरावा सांभाळा. एफएल स्टुडिओच्या प्रोजेक्ट माहितीत फाइल कधी सुरू केली आणि त्यावर किती तास काम झालं ते दिसतं, म्हणून जुन्या आवृत्त्या पुसू नका. अंतिम फाइलचा हॅश (फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हणावा असा कोड) काढून स्वतःला ईमेल करून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश मागितला जातो.

मग निवडायचं काय?

नाव व्हायचं असेल तर कुलपाच्या नादी लागू नका. ओळीवर बसवलेला टॅग आणि बेस कापलेला प्रिव्ह्यू एवढ्यावर जोर द्या. ट्रॅक पसरलाच पाहिजे, फक्त तुमच्या नावासकट. स्वतःची गाडी आणि सुपाऱ्या हा धंदा असेल तर लॅपटॉपचं कुलूप आणि भरवशाचा ऑपरेटर आधी, बाकीचं नंतर. ट्रॅक विकून पोट भरत असेल तर क्लॅपची खूण आजच्या पुढच्या प्रतीपासून सुरू करा. आणि ज्याला पाच-दहा वर्षं टिकेल असं काही हवं आहे, त्याने वर्षाला दोन का होईना, स्वतःचे हलगी-संबळचे ट्रॅक करारासकट करावेत. रिमिक्सवर मालकी सांगण्यात वेळ घालवू नये.

सीझन संपला की पूर्ण ट्रॅक, टॅगसकट, ३२० केबीपीएसला स्वतःच खुला करा. भीमजयंतीचा असेल तर १५ एप्रिललाच. मोबाइलच्या दुकानात आणि ग्रुपवर सगळ्यात आधी तुमची चांगली फाइल पोहोचली, तर कापलेली-जोडलेली प्रत घ्यायला कुणी थांबत नाही.