बॅकस्टेजचा कॅटलॉग आठ महिने वापरल्यावर: नाती मांडताना झालेल्या चुका

पणजीत पाटोवर आमचं ऑफिस. हॉटेल बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो. माणसं 18, सर्व्हिसेस (सॉफ्टवेअरचे स्वतंत्र चालणारे भाग) 37. कुठली सर्व्हिस कशावर अवलंबून आहे, हे जानेवारीपर्यंत डिचोलीच्या एका सहकाऱ्याच्या डोक्यातच होतं. चवथीला तो गावी गेला की आम्ही गणपतीकडे एकच मागायचो: हा परत येईपर्यंत काही बंद पडू नये.

म्हणून बॅकस्टेज घेतलं. कुठली सर्व्हिस कोणाची आणि कशावर अवलंबून, याची नोंद ठेवणारा कॅटलॉग त्यात असतो. स्पॉटिफायने 2020 मध्ये ओपन सोर्स केलेलं, त्यामुळे लायसन्सचा खर्च नाही. पण बटण दाबलं की चालू, असं ते नाही. नोड आणि रिअ‍ॅक्टचा आख्खा प्रोजेक्ट आपणच सांभाळायचा, अपग्रेडही आपणच करायचे. आमचे तीन आठवडे त्यातच गेले.

प्रत्येक रेपोत, म्हणजे कोड ठेवायच्या जागेत, एक यॅमल फाइल (साधी मजकुराची फाइल) ठेवायची. ही वस्तू कंपोनंट (सर्व्हिससारखा सॉफ्टवेअरचा भाग) आहे, एपीआय (दोन भागांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली रीत) आहे की रिसोर्स (डेटाबेससारखी लागणारी सोय), कुठल्या सिस्टीमची, ओनर कोण, हे त्यात लिहायचं. नातं एका बाजूने लिहिलं की उलटं नातं कॅटलॉग स्वतः जोडतो. बुकिंगच्या फाइलीत ‘डिपेंड्स-ऑन’ (यावर अवलंबून) मध्ये डेटाबेस लिहिला, तर डेटाबेसच्या पानावर बुकिंग आपोआप दिसतं. हे मला फार आवडलं, आणि त्याच नादात पहिल्या महिन्यात आम्ही जे दिसेल त्याला ‘डिपेंड्स-ऑन’ लावत सुटलो. नात्यांच्या आलेखाचा नुसता पाग, मासे धरायचं जाळं, झाला. सगळं सगळ्याशी बांधलेलं, वाचता काही येईना.

सर्वांत मोठी चूक क्यूच्या बाबतीत झाली. रॅबिट-एमक्यू हे सर्व्हिसेसमधले मेसेज रांगेत ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याची क्यू, म्हणजे ती रांग, आम्ही रिसोर्स म्हणून टाकली. मेसेज पाठवणारी सर्व्हिस तिच्यावर अवलंबून, घेणारीही तिच्यावरच अवलंबून. दोन्ही बाण एकाच दिशेचे. मग मेसेजचा फॉरमॅट बदलला तर कोणाचं मोडणार? आलेख गप्प. शेवटी क्यूमधल्या मेसेजना असिंक-एपीआय (मेसेजचं स्वरूप लिहून ठेवायची पद्धत) प्रकारचा एपीआय केला. पाठवणारी तो पुरवते, घेणारी तो वापरते. क्यूचा सर्व्हर तेवढा रिसोर्स राहिला. या एका बदलानंतर आलेख पहिल्यांदा उपयोगी पडला. नवीन वापरणाऱ्याने दोन सर्व्हिसेस थेट जोडण्याआधी मध्ये एपीआय आहे का, ते बघावं.

ओनरवरून भांडणं झाली. गोव्यात जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यात कब्जेदाराचा रकाना वेगळा, कुळाचा वेगळा. कॅटलॉगमध्ये मात्र ओनर एकच. पेमेंट सर्व्हिस लिहिली एका टीमने, रात्री उठून सांभाळते दुसरी. आम्ही कुळाचं, म्हणजे सांभाळणाऱ्या टीमचं, नाव लावलं. आधी व्यक्तींची नावं टाकली होती; एक जण नोकरी सोडून गेला आणि सहा सर्व्हिसेस बेवारस झाल्या. आता ओनर फक्त ग्रुप.

जुलैत जुना पोस्टग्रेस डेटाबेस नव्या मशीनवर हलवला. कॅटलॉगने तीन सर्व्हिसेस दाखवल्या, तिघांना कळवलं. रात्री हिशेबाची चौथी पडली. तिच्या फाइलीत या डेटाबेसची ओळ कोणी लिहिलीच नव्हती. दोष आमचाच; कॅटलॉगमध्ये असतं ते माणसांनी सांगितलेलं, तो स्वतः जाऊन बघून येत नाही. मग वाटलं, पोस्टग्रेसच्या पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी या यादीत कोण जोडलंय ते तपासावं. पण त्यात फक्त त्या क्षणीची कनेक्शन्स दिसतात. रात्री दोनला चालणारा जॉब दुपारी कसा सापडणार? शेवटी प्रत्येक सर्व्हिसला डेटाबेसचा वेगळा युजर दिला. आता महिन्यातून एकदा युजरची यादी कॅटलॉगशी ताडतो. कंटाळवाणं काम आहे. पहिल्याच खेपेला न लिहिलेली दोन नाती सापडली.

नावं ठेवताना घाई करू नका. संदर्भ नावावरच चालतात, त्यामुळे नाव बदललं की जुन्या नावाकडे जाणारी नाती लोंबकळत राहतात. पानावर तशी सूचना येते, पण ते पान कोणी उघडलं तर.

माझी खरी अडचण वेगळी आहे. कॅटलॉगमधल्या नात्याला प्रकार आहे आणि टोक (कोणाशी नातं ते) आहे. बाकी काही लिहायला जागा नाही. कॅशे (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारा साठा) बंद पडला तर बुकिंग नुसतं मंदावतं, डेटाबेस पडला तर ठप्प होतं, पण आलेखात दोन्ही रेषा सारख्याच. सध्या आम्ही हे वर्णनाच्या रकान्यात साध्या वाक्यात लिहितो. या चवथीला डिचोलीला एकच फोन गेला, तो याच वाक्यासाठी: कॅशेच्या वर्णनात ते लिहायचं राहिलं होतं.