तडीपार करायचं की स्थानबद्ध?

गल्लीत एखादा दादा फार माजला की सोलापुरात लोक म्हणतात, "तडीपार करा त्याला." पोलिसांच्या हातात त्याहून जड हत्यारही आहे: एमपीडीए, म्हणजे धोकादायक माणसाला स्थानबद्ध करायचा, तुरुंगात डांबून ठेवायचा कायदा.

तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधली. आधी नोटीस, मग म्हणणं मांडायची संधी, मग जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दीबाहेर. माणूस मोकळाच असतो, फक्त इथे नसतो. निदान कागदावर तरी! कर्नाटकची सीमा जवळ. विजयपूर किंवा इंडीला पाहुण्यांकडे मुक्काम टाकायचा आणि रात्री दुचाकीवरून गुपचूप घरी यायचं, हे काही अवघड नाही. विडी वळून पोट भरणाऱ्या बाईने त्याच्याविरुद्ध गुपचूप जबाब दिलेला असेल, तर तिला तो पुन्हा चौकात दिसणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. परवानगीशिवाय परतणं हा गुन्हा आहे, पण आधी कोणीतरी पाहायला हवं.

1981 चा एमपीडीए थेट तुरुंगात टाकतो, खटल्याविना, कमाल एक वर्ष. हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती, वाळू तस्कर असे ठरावीक प्रकारच त्यात बसतात. आदेशाला 12 दिवसांत सरकारची मंजुरी लागते, पुढे सल्लागार मंडळ तपासतं. कागद कच्चे असले तर उच्च न्यायालयात आदेश टिकत नाही.

माझं मत विचाराल तर हातभट्टीच्या धंद्याला एमपीडीएच. तिथला मालक बाहेरगावी बसूनही भट्टी पेटती ठेवतो. चौकातल्या दमदाटीला तडीपारी पुरे, पण बीट अंमलदाराने अधूनमधून त्याच्या घरी रात्री चक्कर मारली तरच.