सॉपविथ: पाच महिने जोडीने खेळल्यावर

नव्वदीच्या दशकात कॉम्प्युटर क्लासच्या पीसी-एक्सटीवर, कुणाच्या तरी फ्लॉपीतून आलेला हा गेम पहिल्यांदा पाहिला. चार रंगांत काढलेलं दुपंखी विमान, खाली बुटके डोंगर, स्पीकरमधून भुंग्यासारखी गुणगुण. सुरुवातीला तो विचारायचा, एकटे खेळणार की अनेकजण? आम्ही 'अनेकजण'वर बोट ठेवायचो आणि हाती काही लागायचं नाही. आम्हाला वाटायचं, आमचीच कॉपी अर्धवट आहे.

खरी गोष्ट पुष्कळ वर्षांनी कळली. कॅनडातल्या बीएमबी कॉम्प्युसायन्स कंपनीने इमॅजिनेट नावाचं पीसी जोडणारं नेटवर्क बनवलं होतं. ते दाखवायला काहीतरी हवं, म्हणून तिथल्याच डेव्हिड क्लार्कने 1984 साली सॉपविथ लिहिला. गेम फ्लॉप्यांवरून जगभर गेला, इमॅजिनेट काही त्याच्यामागे गेलं नाही. म्हणजे चौघांत खेळायची गोष्ट आपण सगळे एकेकटे खेळत बसलो!

क्लार्कने 2000 साली मूळ कोड खुला केला आणि त्यावरून एसडीएल सॉपविथ तयार झाला. तो आजच्या लॅपटॉपवर चालतो आणि इंटरनेटवरून दोघांना खेळता येतो. नाशिकचा भाचा आणि पुण्यातून मी, पाच महिने रविवारी रात्री खेळतोय.

कॉम्प्युटरची विमानं चार दिवसांत ओळखीची होतात. माणूस होत नाही. स्वल्पविरामाच्या बटणाने नाक वर, तिरक्या रेघेने खाली, आणि विमान उलटं झालं की हेच सगळं उफराटं. मग पूर्णविराम दाबून सरळ व्हायचं. नाक फार वर काढलं की वेग मरतो आणि विमान दगडासारखं खाली येतं. भाचा नेमकी तीच वेळ साधतो. पेट्रोल आणि बॉम्ब भरायला तळावर उतरावंच लागतं, तेव्हा तर मी आयता सापडतो. "मामा, उतरताना वर बघत जा," हे मला बारा वर्षांच्या पोराकडून ऐकावं लागतं.

तक्रारी आहेतच. जोडणीसाठी राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडायचं काम भाच्यानेच फोनवरून करवून घेतलं, माझ्याच्याने झालं नसतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तर खेळूच नका. एकाचं नेट अडखळलं की दोघांची विमानं हवेत थिजतात. आवाज दहा मिनिटांत डोक्यात जातो. मी बंदच ठेवतो.

आणि ते बैल. जमिनीवर बैल उभे असतात, मारला तर गुण कापले जातात. ऐन पोळ्याच्या दिवशी माझ्या बॉम्बखाली एक गेला. पाच मिनिटांत ताईचा फोन. पोराने आधी तिलाच सांगितलं होतं.